सातव्या होलची डावी बाजू

श्रीधरभाऊजी गेल्याचा फोन पुतण्याने केला, आणि माझे डोळे पुसून होण्याआधीच क्लबच्या अध्यक्षांचा निरोप आला... शोकसभा रविवारी, नंतर नाश्ता. माझ्या या धाकट्या दिराने आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवे आखले आणि कामठी रोडवरच्या आमच्या क्लबचं गोल्फचं मैदानही आखून दिलं. शोकसभेत त्यांना ‘दूरदर्शी’ म्हणणारी तोंडं तीच, जी कालपरवापर्यंत त्यांना ‘खड्डेवाला’ म्हणत होती.

गोल्फमध्ये चेंडू अडवायला वाळूचे खड्डे आणि तळी मुद्दाम करतात, एवढं मला ठाऊक होतं. ते कुठे करायचे यालाही डोकं लागतं, हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मी चाळिशीतली, पांढरे बूट, काळा चष्मा, आणि खेळ असा की चेंडूपेक्षा माती लांब जायची. मैदान आखताना भाऊजी सकाळी मलाच बोलवायचे. ‘मारा, वहिनी.’ मी मारायची. चेंडू पडेल तिथे ते बांबूची काडी रोवायचे आणि मागे उभे राहून बराच वेळ बघायचे. मग काय, आम्हा बाईसाहेबांना वाटलं, आपल्या शैलीचा अभ्यास चाललाय. मान तिरकी करून उभं राहणं सुरू झालं, इतवारीतून रेशमी स्कार्फ आला... शेवटी एकदा ऐटीत विचारलंच, ‘एवढे खेळणारे असताना मीच काहून?’ काडी ठोकत ते म्हणाले, ‘तुमच्याहून वाईट कोणी सापडूनच नाही राहिलं, वहिनी.’

त्यांचं म्हणणं असं, की माझ्यासारखीचा चेंडू जिथे पडतो तिथे खणायचं नाही. ‘जो आधीच धडपडून राहिला, त्याच्या पायाखाली अजून काहून खणायचं? ज्याला आपल्या जोराचा गर्व आहे, त्याच्यासाठी खणा.’ सातव्या होलवर त्यांनी तळं केलं. ज्याच्या मनगटात बळ आहे त्याने पाण्यावरून सरळ मारावं आणि एक फटका वाचवावा, नाहीतर बुडावं. बाकीच्यांसाठी तळ्याच्या डाव्या कडेने गवताची रुंद वाट, लांबची पण कोरडी. पंचाहत्तरी ओलांडूनही मी खेळते, ती त्या वाटेच्या जोरावर.

रविवारी पोहे यायच्या आधी अध्यक्षांनी कार्यकारिणीचा ठराव जाहीर केला, की भाऊजींच्या स्मरणार्थ तळं डावीकडे वाढवून ती वाट पाण्याखाली घालायची, म्हणजे मैदान ‘इंटरनॅशनल’ होईल. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... या मंडळींना कशावरही टाळ्या सुचतात. मी विचारलं, ‘मग मी कुठून जायचं?’

‘काकू, तुम्ही आता बसून पाहा नं. सरबत पाठवतो.’

सरबत मी प्यायले. मग म्हटलं, उद्या सकाळी कार्यकारिणीने सातव्या होलवर यावं आणि भाऊजींना श्रद्धांजली म्हणून पाण्यावरून एकेक फटका मारावा. श्रद्धांजलीला नाही कोण म्हणणार? फोटोग्राफरसुद्धा घेऊन आले. चिटणिसांचा चेंडू बुडाला. खजिनदारांचा बुडाला. अध्यक्षांनी टोपी नीट केली, वारा कोराडीकडून येऊन राहिला म्हणाले, आणि मारला. बुडाला. फोटोग्राफरला कॅमेरा बंद करायला सांगून पुन्हा मारला, तोही गेला. मग खिशातून तिसरा काढत ते हळूच डावीकडच्या गवतावर सरकले.

‘तिथे पाणी आहे नं,’ मी म्हटलं.

‘कुठे आहे, काकू?’

‘तुमच्या ठरावात.’

ठराव मागे घेतला गेला. कारण दिलंय पर्यावरणाचं. देऊ देत बापडे.

काल सकाळी एकटीच गेले. फटका नेहमीसारखा, अर्धा मातीला. चेंडू वाटेवरून ढळला आणि तळ्याकडे घरंगळत निघाला. आज मीही अध्यक्षांच्याच पंगतीला बसणार, म्हणून बघत राहिले... पाण्याच्या जरा अलीकडे जमिनीला वीतभर उंचवटा आहे, गवताने झाकलेला. इतकी वर्षं त्यावरून चालले आणि कधी दिसला नाही. कालवे आखणाऱ्या माणसाच्या हातची जमीन अशी उगाच वर येत नाही. चेंडू त्याला टेकून थांबला.