मामाजींनी पारखलेला ट्रक

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही. ते अंगणातल्या ट्रेलरखाली कोंबडीच्या अंड्यांसारखे आपोआप सापडतात. नव्या सुनेनं फार बोलायचं नसतं, त्यामुळे मला वेचायला भरपूर वेळ मिळाला.

ट्रेलर माझ्याआधी घरात आला. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात तो यांना पसंत पडला आणि यांनी आणला. कापसाच्या रुईच्या गाठी लादून मंगरूळपीरहून थेट नागपूरपर्यंत भाडं मारायचं, असा बेत. फक्त तो ओढायला ट्रक नव्हता.

माझं माहेर त्याच वाटेवर, बडनेऱ्याजवळ. लग्नाच्या मांडवातच माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, माझ्या बाबांना शब्द देऊन टाकला होता, "दिवाळसणाले पोरगी येईन त आमच्याच गाडीत येईन. लोकाच्या मोटारीत नाई." म्हणजे ट्रक मिळेपर्यंत मी इथेच.

*

पहिला जुना ट्रक कारंज्याहून आला. मामाजी बैल पारखण्यात अख्ख्या तालुक्यात नावाजलेले. त्यांनी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप दिली आणि विकणाऱ्याला म्हणाले, "तोंड उघडा." त्यानं बॉनेट उघडलं. मामाजींनी आत नीट पाहिलं, मान हलवली. वय बरं होतं म्हणे.

मग डाव्या दिव्याच्या वर त्यांना एक पोचा दिसला. बैलाला त्या जागी केसांचा भोवरा असला तर मालकाचं काही खरं नसतं. यांनी सांगून पाहिलं की इंजिन उत्तम आहे.

"इंजिन तं चांगलं हाये," मामाजी म्हणाले, "पन मले अजून जगाचं हाये."

*

दुसऱ्या ट्रकचा मालक पलटणीतून परतलेला, परमुलखातला. ट्रकवर पोचा नव्हता. मामाजी खूश झाले. बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून, न बोलता, बोटं दाबून भाव सांगितला.

त्या भल्या माणसाला वाटलं, म्हातारा माया करतोय. त्याचे डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हातांनी मामाजींचा पंजा घट्ट दाबला आणि सोडेचना.

मामाजींनी हात ओढून घेतला. घरात येऊन पाणी प्यायले. म्हणाले, "लय महाग सांगून राह्यला."

*

तिसरा ट्रक ट्रेलर जोडून बघायला आणला होता. पण सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ट्रेलरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. खाली कोंबडी अंड्यांवर बसली होती.

ट्रकच्या आधीच ठरवून ठेवलेल्या आमच्या ड्रायव्हरनं, रहीमभाईनं, हात जोडले. "काकी, कोंबडी उचलून ठेवा ना जराशी."

"तुह्या मायले उचलून ठेवलं होतं काय रे बाळंतपनात?"

ट्रकवाला चहा पिऊन गेला. पिल्लं निघाली तोवर ट्रक पोहरादेवीच्या यात्रेला माणसं वाहायला लागला होता. पिल्लं मात्र सगळी जगली.

*

चौथा ट्रक रहीमभाईनं स्वतः चालवून पाहिला. चढावर पाहिला, उतारावर पाहिला, खाली झोपून पाहिला. म्हणाला, हाच घ्या. दिवाळी तोंडावर आली होती. मी चुलीपाशी बसून मनातल्या मनात पेटी भरायला घेतली.

मामाजी म्हणाले, "आजमावल्याबिगर नाई."

जातिवंत बैल आजमावायचा तर गाडीत दगड भरतात, चाकं साखळीनं बांधतात आणि मग ओढायला लावतात. मामाजींनी ट्रेलरमध्ये दगड भरवले आणि चाकांना साखळ्या घातल्या.

"काका, हा काय बैल हाये?" रहीमभाईनं विचारलं.

"थेच तं पाहाचं हाये."

ट्रक गुरगुरला, थरथरला, धूर ओकला. जळक्या वासानं आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. पण ट्रेलर हलला! बांधल्या चाकांनी तो घरापासून मारुतीच्या पारापर्यंत फरफटत गेला. मागे नांगरल्यासारखे दोन खोल सरळ तास पडले. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यात मेथी पेरली.

"खांदा हाये गड्याले," मामाजी म्हणाले, आणि ट्रक आमचा झाला.

*

दिवाळसणाला निघालो. केबिनमध्ये रहीमभाई, मामाजी, हे आणि मी. ट्रेलरमध्ये माझी पेटी आणि आत्याबाईंनी विहीणबाईंसाठी दिलेली कोंबडी. माहेर कोसभर राहिलं आणि ट्रक थांबला. इंजिन ओरडत होतं, चाकं ऐकत नव्हती. रहीमभाई खाली उतरून वास घेऊन आला.

"क्लच जळाला, काका. गाडी चांगली होती. आजमावली नसती त चांगलीच राह्यली असती."

मी म्हटलं, चालत जाऊ. मामाजींना ते पटणार नव्हतं. शब्द गाडीचा होता. त्यांनी शेजारच्या शेतातून एका माणसाला त्याच्या बैलजोडीसकट आणलं आणि जोडी ट्रकपुढे जुंपली. पुढे उतार होता म्हणून निभावलं. ट्रक, ट्रेलर, कोंबडी आणि मी, असे आम्ही बाबांच्या दारात पोचलो.

"आनली आपल्याच गाडीत," मामाजी केबिनमधून उतरता उतरताच म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि सरळ पुढे गेले. एका बैलाचं तोंड उघडून दात पाहिले, खांद्यावर थाप दिली. मग खांद्यावरचं उपरणं काढून मामाजींच्या हातावर टाकलं.

जोडी आपली नाही, हे मामाजी सांगतील म्हणून मी थांबले. मामाजींची बोटं आत हलायला लागली. मी तोंड उघडलं. पण उपरण्याखाली हात असताना मधे बोलायची पद्धत नाही.

बैलांचा मालक कासरा धरून शेजारीच उभा होता. तोही मान वाकवून उपरण्याकडे बघत होता, काय भाव येतो ते.