पादरीसाहेबाची एकच किंमत

गोंदियाच्या बैलबाजारात, भर दुपारी, शे-दोनशे माणसांसमोर मला हरवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. भाजी आवडली नाही तर "आवडली नाही" असं ताटावरच सांगायचा आणि लगेच माझ्या बायकोकडे पाहून असा हसायचा, की रागावण्याऐवजी ती त्याला आणखी दोन पोळ्या वाढायची. वय पंचविशीच्या आतबाहेर. उंची इतकी, की माझ्या बांबूच्या टालीच्या, म्हणजे वखारीच्या, फाटकावर त्याचं कपाळ रोज आपटायचं, आणि रोज तो फाटकाचीच माफी मागायचा. इंग्रजांचं राज्य होतं. गोरा माणूस दिसला की लोक रस्ता सोडून उभे राहत. हा मात्र स्वतःच रस्ता सोडून कडेला उभा राहायचा. मग दोन्ही बाजूंची माणसं कडेला आणि मधला रस्ता रिकामा, असा खोळंबा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

पादरीसाहेब आमच्या गावात आला तो चैत्र संपता संपता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा लोकरीचा कोट घालून. त्या दिवसांत आमच्याकडे कावळासुद्धा दुपारी चोच उघडी टाकून सावलीत बसतो. माझ्या टालीला लागून त्याने घर भाड्याने घेतलं आणि चार दिवसांत एक शोध लावला: दुपारी एक वाजता गावातली सगळी माणसं घरी असतात, म्हणजे ओळखी करून घ्यायला हीच वेळ उत्तम. मग हा बाबा रणरणत्या उन्हात दारोदार कड्या वाजवत फिरू लागला. मराठी शिकला होता ती पुस्तकातली. आमच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "आपण सर्व कुशल आहात काय?" बायको झोपेतून उठून आली होती. ती म्हणाली, "आताच डोळा लागला होता जी, तवर कुशलच होतो." साहेबाने "फार आनंद झाला" म्हणून पुढचं दार वाजवलं.

ऊन लागू नये म्हणून तिने त्याला खिशात ठेवायला एक कांदा दिला. त्याने तो तिथेच आभार मानून, सालं काढून खाऊन टाकला, आणि तिसऱ्या दिवशी स्टेशनाच्या रस्त्यावर आडवा झाला. हमालांनी उचलून आमच्याकडे आणला. बायकोने कैऱ्या भाजल्या, त्यांचा गर त्याच्या तळपायांना आणि तळहातांना चोळला, वरून पन्हं पाजलं. डोळे उघडल्यावर तो क्षीण आवाजात म्हणाला, "बाई, हा आपला धर्मविधी आहे काय?"

"विधी कायचा जी, कैरी आहे ते," ती म्हणाली. "पडून राहा गुमान."

त्यानंतर तो एक नाही, दोन कांदे खिशात ठेवू लागला, आणि रविवारच्या प्रार्थनेलाही काढेना. प्रार्थनेला माणसं बरीच यायची, पण ती प्रार्थनेसाठी नव्हे. त्याच्याजवळ तापाची कडू गोळी होती. आधी प्रार्थना आणि मग गोळी, असा क्रम त्याने लावला होता. माणसं हुशार. ती प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीला हजर व्हायची. मी त्याला म्हटलं, आधी गोळी देत जा, मग बघ किती थांबतात. त्याने तसं करून पाहिलं. एकही थांबला नाही. आणि हा गडी खूश! म्हणे, आता खरं काय ते कळलं. पुढे तो गोळ्या आधीच वाटू लागला आणि प्रार्थना एकटाच म्हणू लागला.

जंगलपट्टीतून, प्रतापगडाच्या बाजूच्या खेड्यांतून माणसं गोळीसाठी पायी यायची. तापाने फणफणलेला माणूस दोन दिवस चालवत आणायचा, ही काय रीत झाली? साहेबाने ठरवलं की आपणच तिकडे जायचं. छकडा त्याने मिळवला. बैल घ्यायला बाजारात जाताना मला बरोबर नेलं, आणि इथेच माझं नशीब फिरलं.

आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा करतात. एक बोट धरलं तर एक, पूर्ण पंजा धरला तर पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आणि एकदा दुपट्टा पडला की तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. मोडला तर त्या माणसाला बाजारात कोणी विचारत नाही. मी एका बैलाचे दात पाहायला वळलो तेवढ्यात एका दलालाने साहेबापुढे हात केला आणि दुपट्टा टाकला. साहेबाला वाटलं, काय प्रेमळ पद्धत आहे ही हात मिळवण्याची! दलालाने दोन बोटं धरली. साहेबाने आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे त्याचा पूर्ण पंजा घट्ट धरून जोरजोराने वरखाली हलवला. दलाल हडबडला. त्याने पुन्हा विचारलं. साहेबाने आणखी प्रेमाने हलवला. प्रत्येक हलवण्याला भाव चढत होता आणि मी तीन हात अंतरावर उभा राहून, ओठ चावून, पाहत होतो. बोलता येत नव्हतं. दुपट्टा निघाला तेव्हा साहेबाच्या पदरात एक लंगडा बैल आणि एक असा बैल पडला होता, की जो प्रत्येक झाडाच्या सावलीत बसायचा. तो बसला की साहेबही त्याच्याशेजारी बसून पुस्तक वाचायचा.

दलालाचं काही बिघडलं नाही. नाव गेलं माझं. "शेजारी उभा होता, काऊन अडवलन नाही? वाटा असन!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी सौंदडच्या बाजूने डोक्यावर बांबूच्या मोळ्या वाहून आणलेला माणूस. टाल उभी केली ती शब्दावर, बैलांचे सौदेही केले ते शब्दावर. बापाची इस्टेट नव्हती. मी भाव ताणतो, भांडतो, माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो, हे सगळं खरं. पण लबाडी केली नाही. आणि आता बाजारात माझ्यापुढे हात करायला कोणी तयार नव्हतं. दोन बाजार मी दुपट्टा खांद्यावर टाकून नुसता हिंडलो. लोक मला पाहून कांद्याबटाट्याचं बोलायचे.

मी साहेबाच्या घरी जाऊन ओरडलो, "जाऊन सांगा सगळ्याले, मी काही खाल्लं नाही म्हणून!" तो बिचारा तसाच उठला, चौकात ओट्यावर उभा राहिला आणि गर्जना केली, "या गृहस्थांनी मला फसवले नाही. मी सर्व आनंदाने दिले!" झालं. लोक म्हणाले, "पाहा, शिकवून पाठवलन." त्या दिवशी मी रागाने जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी ठरवलं: याला सौदा शिकवायचा, आणि माझीच जोडी याला भर बाजारात विकायची. धवळ्या आणि बांड्या. तालुक्यात तशी जोडी नव्हती. याने माझ्याशी घासून घासून भाव पाडावा आणि लोकांनी पाहावं, की हा माणूस माझ्या मुठीतला नाही.

बोटांचा हिशेब तो एका दुपारीत शिकला. पण घासाघीस करायला तयार होईना. "जे मनात नाही ते कसे सांगू? ते असत्य आहे."

"कायले असत्य? तोंडानं बोलूनच नाही राहिले ना तुम्ही!"

त्याने दोन दिवस विचार केला. मग येऊन म्हणाला, "बोटांनी मी मनातलेच सांगेन. चालेल?" मला वाटलं, चालेल, बाजारात उभा राहिला की आपोआप शिकेल.

तो ज्येष्ठातला, पावसाआधीचा शेवटचा बाजार. पाऊस पडला की जंगलाकडचे रस्ते बंद होतात, तेव्हा साहेबालाही हीच शेवटची संधी. मी जोडीला तेल लावून उभी केली, हात पुढे केला आणि दुपट्टा टाकला. माणसं गोळा झाली. तो दलालही आला, तोंडात तंबाखू धरून. मी साहेबाची बोटं धरून माझा भाव सांगितला, चढा, जसा सांगायचा असतो. त्याने त्याचा सांगितला. इतका खाली, की मला आनंद झाला. म्हटलं, शिकला! मी थोडा उतरलो. त्याने तीच बोटं धरली. मी आणखी उतरलो. तीच बोटं. मी हात झटकला, पाय आपटले, बैलांचा बाप-आजा काढला, "या भावात शिंगं पण नाही भेटत!" असं ओरडलो. तो शांत. घाम त्याच्या नाकावरून ठिबकत होता, चेहरा गाजरासारखा लाल झाला होता, आणि हात जागचा हलत नव्हता. ज्येष्ठाच्या दुपारी, ज्या उन्हात दीड महिन्यापूर्वी हा माणूस चार पावलं चालून पडला होता, त्याच उन्हात तो घटकाभर खांबासारखा उभा राहिला.

मग मला उमजलं. हा घासत नव्हता. याने मनातलं सांगितलं होतं. याच्याजवळ रुपये होते तेवढेच. एवढ्या मोठ्या बाजारात ते फक्त मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यावर घासायचं कोणाशी? मी त्याची बोटं घट्ट दाबली. सौदा झाला. आणि मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. दुपट्टा ओढून फेकला आणि भाव सगळ्यांना ओरडून सांगितला.

मग दलालाच्या तोंडातला तंबाखू खाली पडला. "सायेबानं तर तुले सोलला बे!"

"सोलला! पुरा सोलला!" मी ओरडलो. "आता बोला, वाटा कोनाचा?"

असा हशा उठला की बैल बुजले. कोणीतरी साहेबाला खांद्यावर उचलायला गेलं आणि त्याच्या उंचीमुळे दोघेही पडले. गुलाल कुठून आला देव जाणे. साहेबाचा काळा कोट लाल झाला. मी जोडी गमावली होती आणि त्या दिवशी अख्ख्या गोंदियात माझ्याइतका खूश माणूस नव्हता. पुढच्या बाजारात सहा जणांनी माझ्यापुढे हात केला.

वाटेत मी त्याला विचारलं, "जोडीची किंमत जास्त आहे, हे ठाऊक होतं का नाही?"

"होतं ना जी," साहेब म्हणाला. पुस्तकातली मराठी कुठे गेली होती कोण जाणे. "तुम्हीच तर रोज सांगून राहिले होते."

त्या जोडीने साहेबाने तीन वर्षं जंगलपट्टी पालथी घातली. मग त्याची बदली झाली, दूर कुठेतरी. जाताना जोडी मलाच विकेल, असं मी धरून चाललो होतो. हात धुऊन, दुपट्टा घडी करून तयार होतो. आणि या माणसाने काय करावं? कामठ्याच्या एका शेतकऱ्याचा बैल मेला होता, त्याला जोडी देऊन टाकली. फुकट! जिच्यासाठी मी भर बाजारात हरलो, ती जोडी फुकट! मी स्टेशनावर पोचवायला गेलो नाही. बायको गेली. तिने सांगितलं, गाडी सुटेपर्यंत तो स्टेशनाच्या फाटकाकडे पाहत होता.

त्याचा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी माझा कामठ्याला फेरा होतो. शेतकरी खाट टाकतो, विचारतो, "काऊन आलेत जी?" मी म्हणतो, "बांबू पाहाले." मग धवळ्या-बांड्याची वैरण संपेपर्यंत मी तिथे बसतो. त्याच्या शेतात बांबूचं एकही बेट नाही. तो मला कधी तसं म्हणत नाही. वैरण मात्र थोडी जास्त टाकतो.