पोचा आलेली डबी

जहाजावर चढण्याआधी काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघत विचारलं, "मॅडम, दुसरे पॅसेंजर?" मी म्हणाले, "आले नाहीत." तिने कसलीशी खूण केली आणि एकच कार्ड माझ्या हातात दिलं. पाच महिने हे मला कुणापुढे म्हणता आलं नव्हतं. आणि इथे मुंबईच्या बंदरावर, पाठीमागे बॅगांची रांग ताटकळत असताना, ते तोंडातून सहज निघून गेलं.

तिकीट ह्यांनी काढलं होतं, लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून. राजारामपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान. जन्मभर पाण्याचे पाइप आणि नळ विकलेला हा माणूस, पण पोहता येत नाही म्हणून पंचगंगेच्या घाटावर तिसऱ्या पायरीखाली कधी उतरला नाही. त्यांना एकाएकी समुद्राची हौस आली. मुंबईहून निघायचं, गोव्याला टेकायचं, परत यायचं. "खोलीला गॅलरी हाय. समुद्राकडं तोंड करून च्या पिऊया की," म्हणाले. पोहायला येतं मला आणि जहाजाची हौस ह्यांना, म्हणून मी तेव्हा पोट धरून हसले होते.

ते गेल्यावर लेक पुण्याहून रोज फोन करून सांगायची, कॅन्सल कर. "एकटी काय करणार आहेस तिथं?" मी म्हणायचे, चहा पिणार आहे. खरं कारण माझ्या पर्समध्ये होतं. दवाखान्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, ह्यांच्या गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी. कुणाला कळू न देता मला ती समुद्रात सोडायची होती.

आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याचं त्याचं इष्टलिंग वेगळं. गुरूने दिलेलं, गळ्यात बांधायचं, रोज डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं. माणूस गेला की आम्ही जाळत नाही, मातीत बसवतो, आणि त्याचं लिंग त्याच्याच डाव्या हातात ठेवतो. एकाचं दुसऱ्याला देत नाहीत. ह्यांनी आपली डबी आंघोळीलासुद्धा गळ्यातून काढली नाही. मी आळशी. माझी डबी देवघरात असायची, पूजेपुरती गळ्यात. एकदा ती हातातून निसटून फरशीवर पडली आणि झाकणाला चांगला पोचा आला. त्यावरून ह्यांनी मला वर्षानुवर्षं छळलं. "तुझ्या देवानं मार खाल्लाय बघ," असं पाहुण्यांसमोर म्हणायचे.

छातीत कळ येऊन ह्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा नर्सने गळ्यातला दोरा कापला आणि घड्याळ, अंगठी, डबी पिशवीत घालून माझ्याकडे दिली. मी ती पर्समध्ये टाकली. तिसऱ्या दिवशी हे गेले. माझा धाकटा दीर गडमुडशिंगीला शेती करतो, म्हशी आहेत त्याच्या. कामाला वाघ, आणि बोलतो असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. घरी जाऊन नवं धोतर, विभूती आणि लिंग आणायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने देवघर उघडलं, समोर एक चांदीची डबी दिसली, उचलली आणि खिशात घातली.

शेतातच आमच्या लोकांच्या समाध्या आहेत. खड्ड्यात ह्यांना बसवलं. विधी करायला आलेल्या स्वामींनी हात पुढे करून विचारलं, "लिंग?" दीर म्हणाला, "हाय की," आणि खिशातून डबी काढून दिली. मी चार पावलांवर उभी होते. ऊन होतं. झाकणावरचा पोचा मला स्पष्ट दिसला.

सरळच सांगते. मी ओळखली. ह्यांची डबी माझ्या काखेतल्या पर्समध्ये आहे हेही मला त्याच क्षणी आठवलं. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. दुःखाने माझी वाचा बसली होती असं कुणी म्हणेल, पण तसं काही नव्हतं, त्याच्या आधी दोन मिनिटं मी कुणाला तरी बेलाची पानं कुठे आहेत ते सांगितलं होतं. मी बोलले नाही. स्वामींनी ह्यांची बोटं त्या डबीवर मिटवली आणि माती पडायला लागली.

तेव्हापासून माझा डावा हात माझा राहिला नाही. सकाळी जाग आली की मूठ घट्ट वळलेली असायची, उजव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागायचं. दिवसासुद्धा, भाजी चिरताना, तो मधेच जड व्हायचा. न्हाणीघरातून घसा खाकरल्याचा आवाज यायचा, मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहायचे. आणि दर रविवारी दुधाची किटली घेऊन येणारा दीर त्या दिवसानंतर एकदाही घरी आला नाही. वाटायचं, ह्याला कळलंय. माझं तोंड बघायचं नाही म्हणून येत नाही.

डबी समुद्रात गेली की सगळं संपेल, असा माझा हिशोब होता.

जहाजातल्या खोलीत सगळं दोघांचं होतं. दोन पलंग जोडून केलेला एक, दोन उशा, दोन पेले, दोन जोडी सपाता. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, माना एकमेकांना लावलेले. मी एक हंस उचलून कपाटात ठेवला. वरच्या डेकवर फेरी मारून आले तर दोन्ही परत जागेवर. खोली आवरणाऱ्याने ठेवले असणार, दुसरं कोण ठेवणार. तरी मी त्या बाजूला बसले नाही.

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. जहाज थोडं कलंडलं की त्यातली एक जराशी सरकायची आणि पाय घासल्याचा आवाज व्हायचा. हे दुकानातून आल्यावर खुर्ची ओढायचे, अगदी तसा. तिसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा मी आतूनच मोठ्याने म्हणाले, "बसा की आता." म्हटलं आणि उठून गॅलरीचं दार लावून घेतलं.

जेवणाच्या हॉलमध्ये माझं टेबल दोघांचं होतं. वाढायला रत्नागिरीकडचे एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. माझं मराठी वळणाचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीतच विचारलं, "साहेब?" काउंटरवर नीट निघालेलं वाक्य इथे काही केल्या निघेना. मी म्हणाले, "येतायत." त्यांनी समोरचा पेला भरला आणि थाळी सरळ केली. मी जेवले आणि समोरचा पेला भरलेलाच सोडून उठले.

सकाळी नाश्त्याला पुन्हा तेच. "साहेब उठले नाहीत?"

"त्यांना बोट लागलीय," मी म्हणाले.

ते गृहस्थ आत जाऊन आल्याचा तुकडा, लिंबू आणि मिठाची पुडी रुमालात बांधून घेऊन आले. "चघळायला द्या त्यांना. बरं वाटेल." मी ते खोलीवर नेलं आणि रिकाम्या उशीशेजारी ठेवलं. ठेवताना 'एवढं खा' असं पुटपुटलेसुद्धा. मग पलंगाच्या काठावर बसले आणि मला माझीच भीती वाटली. आणखी दोन दिवस असे गेले तर मी ह्या माणसाचे कपडे धुवायला टाकीन.

डबी घेऊन उठले आणि सरळ मागच्या डेकवर गेले. दुपारचे बारा वाजत आले होते. पुढच्या बाजूला पोहण्याच्या हौदापाशी गाणी चालली होती, मागे कुणी नव्हतं. गोव्याची किनारपट्टी पुसट दिसायला लागली होती. डबी पिशवीतून काढली आणि सवयीने डाव्या तळहातावर ठेवली. हात कठड्याबाहेर धरला. खाली पाणी पांढरं होऊन मागे पळत होतं.

मूठ उघडेना.

मी उजव्या हाताने बोटं सोडवायला गेले आणि थांबले. ही टाकली तर माझ्याकडे काय राहतं? माझी तर तिकडे मातीत, त्यांच्या मुठीत. आणि त्या दिवशी मी 'थांबा' का म्हणाले नाही, ते इतक्या महिन्यांनी त्या उन्हात मला समजलं. समजलं आणि मी तिथेच लोखंडी पेटीवर बसून रडले. लेकीच्या पाठवणीला रडणाऱ्या बायकांसारखी, आवाज काढून.

मोबाइलला रेंज आली होती. मी दिराला फोन लावला.

"वैनी! पोचलासा का गोव्याला?" मागे म्हैस ओरडत होती.

"भाऊजी, एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही घरातून नेलेली डबी माझी होती. ह्यांची माझ्याकडं आहे."

ह्या माणसाला हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. हात धुताना ध्यानात आलं. दादाची डबी कवा देवघरात असायची? म्या येडा, दिसली ती उचलली. सांजच्याला खोरं घिऊन रानात परत गेलतो मी, वैनी. लई येळ उभा राह्यलो. दादाला परत उठवायचं धाडस न्हाय झालं." त्याचा आवाज फाटला. "तुमास्नी कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून आलो न्हाय."

पाच महिने हा तिकडे आणि मी इकडे, एकाच डबीला घाबरून बसलो होतो.

"भाऊजी, तुमची चूक नाही. मी खड्ड्याजवळच ओळखली होती. पोचा दिसला मला."

"मग बोलला का न्हाईसा?"

"त्यांना एकटं पाठवायचं नव्हतं मला."

पलीकडे तो मोठ्याने रडला. म्हशींजवळ उभा राहून, कुणी बघतंय का याची फिकीर न करता. मी त्याला रडू दिलं. नाक ओढून तो म्हणाला, "आता काय करायचं? स्वामीस्नी इचारू?"

"विचारा. सगळं खरं सांगा, मीही बोलीन. रागावले तर रागावू देत. पण उकरायचं नाही. आणि माझी वेळ येईल तेव्हा मला त्यांच्याशेजारी बसवा आणि माझ्या हातात त्यांची डबी ठेवा."

"आन् मीच आधी गेलो तर?"

"आज लेकीलाही सांगून ठेवते."

मग तो म्हणाला, "दादा काय म्हणत आसंल, वैनी? बायकूनं पोचा आल्याली डबी दिली म्हणून?"

मला हसू फुटलं. डोळे पुसत म्हणाले, "चिडवत असतील. दुसरं काय येतं त्यांना." रविवारी दूध घेऊन या, असंही बजावलं.

संध्याकाळी जेवायला गेले तेव्हा ते रत्नागिरीचे गृहस्थ वाटच बघत होते. "आज तरी साहेब येतायत ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याशी मी खोटं बोलले, माफ करा. ते जहाजावर आलेलेच नाहीत. ते गावाकडं राहिलेत, आमच्या शेतात. पाच महिने झाले."

त्यांना उमगायला क्षणभर लागला. मग पेला भरायला उचललेला जग त्यांनी तसाच खाली ठेवला. "एकटेच आहेत?" त्यांनी हळू विचारलं. आमच्या रीतीचं त्यांना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण विचारलं अगदी नेमकं.

"एकटे नाहीत," मी म्हणाले. "माझी डबी आहे त्यांच्याकडं."

त्यांनी समोरची थाळी उचलून नेली. मी डावा हात टेबलावर उघडा ठेवला आणि पोटभर जेवले.