मशीनला पांघरलेली गोधडी

थोरल्या दिरांची जिरवायची म्हणून मी हीट पंप शिकले. लोक कौतुकानं विचारतात, बारावी नापास बाईला एवढं मशीन कसं कळलं? मी नुसती हसते. खरं कारण आज सांगते.

खुलताबादच्या वर, तुतीच्या मळ्याला लागून माझं रेशीम अळ्यांचं केंद्र आहे. अंड्यातून निघालेल्या अळ्या पहिले आठ-दहा दिवस मी सांभाळायच्या, मग ट्रे भरून शेतकऱ्यांच्या हवाली करायच्या. त्या तिळाएवढ्या जिवांना खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री लागते, बाहेर ऊन असो की थंडी. नवरा वाळूजला कंपनीत, बजाजनगरात खोली करून राहतो. म्हणजे केंद्र माझं आणि नावही माझं. एक बॅच मेली की शेतकरी दुसरीकडं जातो, आणि गेलेला परत येत नाही.

त्यासाठी हीट पंपाचं मशीन बसवलं तेव्हा उन्हाळा होता. आतली गरमी उचलून बाहेर फेकायची, हे दिरांना पटलं, कारण एसी तेच करतो. थंडीत तेच मशीन हीटिंगवर टाकलं तर पारावर बसून हसले. "बाहेरच्या गार हवेतून ऊब काढती म्हणं! येडी का खुळी?" अहो, गार हवेतही ऊब असते. मशीनमधला गॅस त्या हवेपेक्षा गार होऊन बाहेरच्या जाळीतून फिरतो, म्हणून ती ऊब ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि मग ती ऊब आत सोडली जाते. उन्हाळ्यात जे आतून बाहेर, तेच थंडीत बाहेरून आत. पण हे तेव्हा मला सांगता येत नव्हतं.

डिसेंबरात एकदा पुढच्या बॅचची अंडी आणायला पहाटेच संभाजीनगरला गेले. आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. जाताना दिरांना म्हटलं, "दादा, नुसती नजर ठेवा, हात लावू नका." त्यांनी काय करावं? बाहेरच्या युनिटवर बर्फ दिसला, तर गोठ्यातल्या बैलावर घालतात तशी त्यावर गोधडी घातली. वरून दोरीनं आवळली. झालं! हवाच कोंडली, तर मशीन ऊब आणणार कुठून? बर्फ वाढत गेला, तो वितळवायला मशीन आपलं आपण लागलं आणि गोधडीतून वाफ निघाली. दिरांनी मेन स्विच पाडला आणि गावभर बोंब ठोकली, "मशीन जळालं!"

मी दुपारी आले तेव्हा गोधडी तशीच आवळलेली आणि आत सतरा डिग्री. अळ्या पाल्यावर सुस्त पडलेल्या. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त गेल्या. आणि दीर पारावर सांगत होते, "बाईच्या हाती कारभार दिला की हेच व्हायचं." गोधडीचा ग सुद्धा काढला नाही त्यांनी. चारचौघांत माझी इज्जत घालवली. मी रडले नाही. म्हटलं, थांबा, तुम्हाला दाखवतेच.

चितेगावच्या कारखान्यांत मशिनी बसवणारा एक मेकॅनिक होता, त्याला बोलावून दोन दिवस त्याच्या मागं बसले. तो म्हणाला, "ताई, एवढं शिकून काय करणार?" मी म्हटलं, "एका माणसाचं तोंड बंद करायचंय." त्यानं सगळं शिकवलं.

पुढची बॅच वाटायची सकाळ उजाडली, गार आणि धुक्याची. शेतकरी अंगणात उभे, पण मन बिचकलेलं. दीरही अळ्या न्यायला आले होते, त्यांची तुती तयार होती. तेवढ्यात बाहेरचा पंखा थांबला, सुस्स आवाज झाला आणि युनिटमधून पांढरे लोट निघाले. दीर ओरडले, "बघा, पुन्हा धूर!"

"कुणी हलायचं नाय," मी म्हटलं. "मशीन जाळीवरचा बर्फ वितळवतंय. गॅस उलटा फिरवलाय, आतली ऊब घेऊन बाहेरची जाळी तापवायची, उन्हाळ्यात करतं तसंच. आत गार वारा जाऊ नये म्हणून आतला पंखाही बंद. आणि दादा, तुम्ही पुढं या. त्या धुरात हात घाला."

सगळ्यांसमोर घालावाच लागला. हात ओला होऊन बाहेर आला. खाली पाणी टपटपत होतं. सात-आठ मिनिटांत पुन्हा सुस्स झालं, पंखा फिरला, खोलीत गरम वारा सुरू झाला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग मागल्या बारीला काय झालतं?" मी गोधडीची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. लोक पोट धरून हसले. दिरांचं तोंड बघून काय गारवा वाटला म्हणून सांगू जिवाला!

ट्रे वाटत गेले. दीर पुढं आले तेव्हा म्हटलं, "तुमच्यासाठी नाय."

"थोरल्या दिराला नाय म्हणती?"

"व्हय. तुम्हालाच नाय."

ते तरातरा निघून गेले. मागं माझी थोरली जाऊ उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. ती हळूच म्हणाली, "पाला मी वाढवलाय गं. पाणी मी दिलंय." मला ते ठाऊक होतं. दीर कधी मळ्यात वाकले नाहीत, हेही ठाऊक होतं. आत चार ट्रे शिल्लक होते. मी दार लावून घेतलं.

पाला थांबत नाही, जून होतो. त्यांचा सगळा शेळ्यांपुढं गेला. दीर दोन्ही वेळ पोटभर जेवत होते, पारावर बसत होते. कोयता जावेच्या हातात होता, आणि भारे डोक्यावर घेऊन ती माझ्याच दारावरून ये-जा करत होती.