माय मोटारीत बसेना

आमच्या घरी मोटार आली तेव्हा सारा गाव बघायला लोटला, एक माझी माय सोडून. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मोटार जुनी, विलायती, माझ्यापेक्षा वयानं मोठी. बाबांची धानाची गिरणी तेव्हा बरी चालत होती, म्हणून नागपूरच्या एका डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली. मोहाडीजवळच्या आमच्या गावात तोवर चार चाकांवर यायची ती फक्त तहसीलची जीप.

बाबांनी मोटार मायसाठी घेतली होती. ते कधी तसं बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं. तिचं माहेर लाखनीच्या पलीकडे. दोन एसट्या बदला, वर पायी चाला. तर ही बया उठली, दार उघडून आत डोकावली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "घासलेटच्या पिप्यात बसून मी माहेरी नाही जात!" झालं. तिथून पुढे चार वर्षं ती मोटारीत बसली नाही.

पेट्रोलचा वास होताच, आणि दरवर्षी वाढतच गेला. बाबा म्हणायचे, "अवो, मोटारले वास येतेच. बैलाले येत नाही का?"

"बैल भडकला तर शिंग मारते," माय म्हणायची, "पेटत नाही."

मग सन ऐंशीच्या आगेमागे बाबांच्या डोळ्यांचं निघालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दिवाळीपर्यंत चालवा, तेही दिवसाउजेडी, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबा घरी येऊन जेवायला बसले. माय ताट उचलून आत गेली तेव्हा मला हळूच म्हणाले, "म्हणजे हिले एकदाबी बाजूले बसवता नाही आलं."

माझा स्वभाव मुळात तापट. रडू आलं की मी भांडते. "मग वास काढून टाका न!" मी ओरडले. "वास येते म्हणजे कुठून तरी पेट्रोल गळून राहिलं. नळ्या बदला."

"मले आता बारीक दिसत नाही. कोण करन?"

"मी करतो!"

बोलून बसले. शाळेत पोरांना पाढे शिकवणारी मी, पान्याशी माझा काय संबंध? पण माघार घेईन तर शपथ. भंडाऱ्याला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि पेट्रोलची, आत धागा विणलेली रबरी नळी मागितली. दुकानदार म्हणाला, "बाई, मिस्त्रीले पाठवा." मी म्हटलं, "मिस्त्रीच उभी हाये तुमच्यापुढं." मग त्यानं मुकाट्यानं नळी मोजून दिली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मायनं चूल विझवली आणि आम्ही कामाला लागलो. बाबा स्टुलावर बसून सांगत होते, मी करत होते. आधी बॅटरीची तार सोडली, टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. मग डिकीत टाकीच्या तोंडाशी जी नळी होती तिची क्लिप सैल केली. नळी ओढली तर ती हातातच तुटली. आतबाहेर मऊ, चिकट, पाक बिघडलेल्या गुळासारखी.

बाबांनी तुकडा बोटांत चोळून पाहिला. "हे असं काहून झालं? रबर वाळते, तडकते. असं चिकट होत नाही."

क्लिपखाली पिवळं काहीतरी साचलेलं होतं. मी वास घेतला. पेट्रोल तर होतंच, पण त्यात हळद! माझं टाळकंच सरकलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं.

"बाबा! तुमी मोटारलेबी खांदशेकणी केली? लोण्यानं रबर सडते, एवढंबी समजत नाही? म्हणून तर गळून राहिलं! चार वर्षं मायले नावं ठेवली, अन् आपल्याच हातानं..."

"मी बैलाचं करतो," बाबा चक्रावले. "मोटारले मी कायले लावू?"

"त्यायले नको बोलू," दारातून आवाज आला. माय उभी होती. "मी लावलं."

"तू?"

"दरसाल. बैलाचं झालं की उरलेलं लोणी घेऊन जात होतो. जिथं जिथं नळी दिसली, हात पुरला, तिथं लावलं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणून तिलेबी सांगत होतो."

"पण तू तर तिच्याकडं पाहतबी नव्हती!" बाबा म्हणाले.

"मी नाही बसत. तुमी तर रोज बसून जाता न."

माय बिचारी पदराचं टोक पिळत उभी. जिला ती इतकी भीत होती त्या मोटारीला तिनं चार वर्षं चोरून गोंजारलं होतं, आणि त्या गोंजारण्यानंच वास वाढवून ठेवला होता. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडलेच. बाबा मात्र हसायला लागले. डोळ्यांचं निघाल्यापासून ते असे हसले नव्हते.

मग मी इंजिनकडच्याही नळ्या काढल्या. नव्या नळ्या ब्लेडनं सरळ कापल्या, बसवल्या, क्लिपा आवळल्या. बाबा एकेका क्लिपवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धा आटा." पेट्रोल परत ओतलं, बॅटरीची तार जोडली, खाली वर्तमानपत्रं पसरली, इंजिन सुरू केलं. बराच वेळ चालू ठेवलं. मायनं स्वतः वाकून एकेक कागद उचलला, उलटापालटा करून पाहिला, नाकाशी नेला. सगळे कोरडे होते. ती आत गेली आणि लुगडं बदलून आली.

ती पुढे बसली, बाबांच्या शेजारी. मी मागे. भंडारा मागे पडलं, वैनगंगेचा पूल लागला, तरी ती दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसली होती. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "दिवाळीनंतर कोण चालवन?"

बाबांनी गिअर बदलला. मीच म्हटलं, "विकून टाकू, माय."

"विकायची कायले? पोरीले शिकवा." मग ती बाबांना म्हणाली, "आपण दोघं मागं बसू."

तिथून लाखनीपर्यंत बाबांनी मोटार इतकी सावकाश चालवली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले.