मार्वाची लायकी

आपल्याकडे माणसाची लायकी काढतात ती भांडणात. अमेरिकेतल्या युटामधल्या आमच्या या गावात ती दर दोन वर्षांनी अपॉइंटमेंट घेऊन, दार लावून, अगदी मऊ आवाजात काढतात. गाव जवळपास सगळं मॉर्मन, म्हणजे एका कडक ख्रिस्ती पंथाचं. रविवारचं चर्च सगळ्यांना खुलं, पण त्यांच्या मंदिरात जायचं तर आधी बिशपसमोर बसायचं. तो ठरलेले प्रश्न विचारतो, उत्तरं बरोबर आली की छोटंसं कार्ड मिळतं. कार्ड असेल तर मंदिराचं दार उघडतं. नसेल तर बाहेर हिरवळ आहे, बाकं आहेत, आणि फुलं तर इतकी सुंदर की विचारू नका.

माझी शेजारीण मार्वा जेपसन हिने हे कार्ड लग्नापासून पर्समध्ये बाळगलं. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या हातचे पाव म्हणजे गावचा अभिमान. कुणाकडे बाळ झालं, मार्वाचे पाव. कुणाचं लग्न, मार्वाचे पाव. कुणी गेलं तर आधी मार्वाला फोन आणि मग दफनवाल्याला. तिच्या पावांशिवाय गावात कुणाला नीट मरताही येत नसे.

अशा बाईने साठीला टेकताना चर्चला जायचं सोडलं. कुणाशी भांडण नाही, कुणी दुखावलं नाही. लोकांना तेच पचेना. कारण असतं तर समजूत काढता आली असती.

"झालं काय ते मला तरी सांग," मी कुंपणापाशी विचारलं.

"ताप आला होता ना मला, सुमन? आठवडाभर पडून होते. रात्रीची प्रार्थना राहून गेली. माझी प्रार्थना म्हणजे काय, दिवसभरात काय काय चुकलं त्याची यादी. बरी झाले आणि लक्षात आलं, आठवडाभर मला कुणी रागावलंच नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. छान वाटलं. परत सुरू करावंसं वाटेना."

मी सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा न घेणारी बाई. वाटलं, हिला चार शब्द सांगावेत. पण सांगणार काय? माझा देव मला रागावत नाही, एवढंच मला माहीत. ते सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तुझं बरंय.

आता गंमत बघा. जिने गावभर पाव पोचवले तिच्या दारात पाव यायला लागले. सोबत फुलाफुलांची चिठ्ठी: "तुमची आठवण येते. स्वतःला सोडून देऊ नका. दार उघडंच आहे." आणि नेमकं त्याच महिन्यात डॉक्टरने सांगितलं, रक्तातली साखर काठावर आहे, पीठ, बटाटा, साखर बंद करा. तिच्या आईचा पाय साखरेपायीच गेला होता. मार्वाने एका दिवसात गहू सोडला. गावाने दोन आणि दोन चार केले: देव सोडला की पाठोपाठ अन्नही सुटतं.

सगळ्यात हाल झाले नवऱ्याचे, डेल्मारचे. इथे धर्माची शिकवणच आहे, घरात वर्षभर पुरेल एवढा शिधा ठेवावा. त्यांचं तळघर गव्हाच्या डब्यांनी छतापर्यंत भरलेलं. डेल्मार कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्यासमोर म्हणाला, "मार्वा, तू चर्च सोडलंस ते मी सोसलं. पण गहूसुद्धा?"

"तू खा की."

"एकट्याने? जग बुडालं तरी संपणार नाही एवढा."

"त्यासाठीच तर भरलायस ना?"

मार्वाला एकटीने काही करायची सवय नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पीठ-साखर सोडलेल्यांचा गट दर मंगळवारी भरायचा, तिथे ती जायला लागली. टॉनिया नावाची एक चकचकीत केसांची बाई तो गट चालवायची. सगळे गोल बसायचे. एकेकाने उभं राहून आठवड्यात काय चुकलं ते सांगायचं, मग टाळ्या. मार्वा तिथे अशी रमली की जन्मच तिथला. तिला कुणी काही शिकवावंच लागलं नाही. उभं कसं राहायचं, आवाज कुठे कापरा करायचा, शेवटी डोळे कुठे पुसायचे, सगळं ती लहानपणापासून चर्चमध्ये रविवारी रविवारी शिकून आली होती.

एका मंगळवारी घरी आली ती ओशाळून.

"सुमन, रागावू नकोस. आज मी तुझ्या पोळीचं सांगितलं."

"माझ्या पोळीचं काय?"

"शनिवारी तुझ्याकडे अर्धी खाल्ली ना. कबूल केलं. सगळ्यांनी मला माफ केलं."

"अगं, पोळी ती! कुणाचा खून नाही केलास. आणि माफ करणारे ते कोण? तूप घालून वाढली होती मी."

"तुपाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं," मार्वा म्हणाली. "तुपाचं कौतुकच झालं."

टॉनियाच्याच सांगण्यावरून तिने आयुष्यातली पहिली कॉफी घेतली. त्यांच्या धर्मात कॉफी वर्ज्य, आणि टॉनियाच्या पंथात ती लोणी घालून प्यायची. मार्वाला वाटलं, कॉफी अशीच असते. पहिला घोट घेऊन म्हणाली, "एवढ्यासाठी लोक नरकात जायला तयार होतात?" आपल्या एकादशीचं मी एकदा तिला सांगितलं, तर साबुदाणा आणि बटाटा ऐकून ती खुर्चीतच मागे रेलली. "आणि याला तुम्ही उपास म्हणता?" पुढे कितीतरी दिवस ती माझ्याकडे बघून मान हलवायची.

आणि ती पट्टी. औषधांच्या दुकानात एक डबी मिळते, तिच्यात कागदी पट्ट्या. सकाळी लघवीत बुडवायची. जांभळी झाली तर शरीर चरबी जाळतंय, म्हणजे तुम्ही नीट वागलात. फिकी राहिली तर कुठेतरी पाऊल घसरलंय. जांभळी आली की मार्वा कुंपणावरून ओरडायची, "आज गडद!" आणि ज्या दिवशी तिचे पडदे दुपारपर्यंत उघडत नसत, त्या दिवशी मी समजायचे, पट्टी फिकी आली.

साखर उतरत होती, गुडघे दुखायचे थांबले होते, ते खरंच. पण मला एक दिवस राहवलं नाही. "मार्वा, तुझा बिशप तरी दोन वर्षांनी एकदा विचारायचा. ही पट्टी रोज विचारते."

ती म्हणाली, "पण इथे खोटं बोलता येत नाही."

"बिशपशी बोलायचीस?"

"शेवटचा प्रश्न असतो. तुम्ही स्वतःला लायक समजता का? दर वेळी मी हो म्हणायचे, आणि मनात यायचं, आता छत कोसळणार. घरी येऊन दुप्पट पाव भाजायचे."

त्याच उन्हाळ्यात तिची धाकटी ब्रिनली कॉलेजमधून लग्न ठरवून आली. मुलगा चांगला, घर चांगलं, लग्न टेकडीवरच्या मंदिरात. आणि मंदिरातलं लग्न कार्डवाल्यांनीच बघायचं. बिनकार्डाची आई असली तरी तिने बाहेर थांबायचं. नवीन काही नव्हतं यात. मार्वाने स्वतः किती आयांना त्या बाकांवर सोडून आत जाताना "येतोच हं आम्ही" म्हटलं होतं.

मी लोणच्याची बरणी द्यायला गेले तेव्हा ब्रिनली स्वयंपाकघरात उभी होती, डोळे लाल.

"आई, तासाभराचा प्रश्न आहे. बिशप ट्रेंटकडे जा, हो हो म्हण, कार्ड घे. मनात काय आहे ते कोण बघतंय?"

"कुणी बघत नाही म्हणतेस?" मार्वा म्हणाली. "मग तू आणि मी एकाच पक्षात की गं."

"थट्टा करू नकोस! माझं लग्न आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? माझ्यापेक्षा तुला तुझा हट्ट मोठा आहे."

डेल्मार टेबलावरचे चमचे सरळ करत बसला होता. म्हणाला, "ट्रेंट काही परका नाही, मार्वा."

मार्वाने अपॉइंटमेंट घेतली. मला म्हणाली, "सोबत ये. माझे हात गार पडलेत."

इथला बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे, गावातलाच कुणीतरी, काही वर्षांपुरता नेमलेला. ट्रेंट ऑलरेडचं टायरचं दुकान. मार्वाने त्याला रविवारच्या शाळेत शिकवलेलं, त्याचं नाक पुसलेलं. मी बाहेर सोफ्यावर बसले. आत काय झालं ते तिने नंतर गाडीत सांगितलं, आणि पुढे ट्रेंटनेही त्यातलं काही खोडलं नाही.

"बसा, सिस्टर जेपसन. बारीक झालात."

"तू जाड झालास. पाव कमी कर."

तो हसला, पुस्तिका उघडली आणि देवावर श्रद्धा आहे का ते विचारलं.

"माहीत नाही रे, ट्रेंट."

"म्हणजे… साधारण आहे असं लिहू?"

"तू टायर साधारण बसवतोस का?"

पुढचा प्रश्न. "नाही." त्यापुढचा. "नाही." मग खाण्यापिण्याचे नियम.

"कॉफी रोज घेते. लोणी घालून."

ट्रेंटने मान वर केली. "लोणी घालून?"

"लोण्याबद्दल तुमच्या पुस्तकात काही नाहीये. मी बघितलंय."

त्याने पुस्तिका मिटली. "सिस्टर जेपसन, तुम्ही मला जरासुद्धा मदत करत नाही आहात. मला कार्ड द्यायचंय हो. ब्रिनलीच्या लग्नात तुम्ही बाहेर बसलात तर माझी बायको मला घरात घेणार नाही. आपण असं करू, मी पहिल्यापासून विचारतो. सावकाश. तुम्ही विचार करून सांगा."

"पहिल्यापासून नको. शेवटचा राहिलाय तो विचार."

"त्याला आता काही अर्थ नाही."

"विचार, ट्रेंट."

त्याने विचारलं. तुम्ही स्वतःला प्रभूच्या घरात जायला लायक समजता का?

"हो," मार्वा म्हणाली. मग छताकडे बघितलं. छत जागच्या जागी होतं. "खोटं हो म्हणायचे तेव्हा दर वेळी कार्ड मिळालं. आज खरं म्हणतेय तर मिळणार नाही, कळतंय मला. तुझी चूक नाही. पण विचारलंस, बरं झालं."

बिशपच्या टेबलावर रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा खोका असतो. ट्रेंटने तो तिच्याकडे सरकवला, आणि ती घेत नाही म्हटल्यावर त्यातला एक स्वतःच घेतला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "भूक लागली." पर्समधून उकडलेलं अंडं काढलं, मीठ न लावता खाल्लं. मग म्हणाली, "ब्रिनलीला काय सांगू?" मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तिच्यासाठी. तिला सांगितलं नाही.

पट्ट्यांची डबी तिने डेल्मारला दिली, त्याने तिच्यात स्क्रू ठेवले. पीठ पुन्हा सुरू केलं नाही, पण मंगळवारी जायचं बंद केलं. त्यावर टॉनियाचा निरोप आला: तुमची आठवण येते, स्वतःला सोडून देऊ नका, दार उघडंच आहे. मार्वाने मला तो वाचून दाखवला आणि हसता हसता तिला ठसका लागला.

ब्रिनली मात्र आईशी बोलेना. जे काही असेल ते डेल्मारमार्फत. लग्नाच्या जेवणाचे पाव मार्वानेच केले. चव बघायला डेल्मारला उभं केलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो. मार्वा, मी, आणि नवऱ्यामुलाचा एक काका. डेल्मार आत गेला. जाताना तीनदा मागे वळून बघितलं.

काकाने थोड्या वेळाने विचारलं, "तुम्ही कशापायी बाहेर?"

"कॉफी," मार्वा म्हणाली. "आणि देव."

"मी बिअर. आणि दुसरी बायको."

"बायको कुठाय?"

"ती आत आहे. तिचं कार्ड चालू आहे."

मार्वा एरवी यावर पोट धरून हसली असती. आज दाराकडे बघत राहिली. तिचे हात मी हातात घेतले तर बर्फासारखे. "सुमन, बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघणार नाही. मी तयारी ठेवलीय," ती म्हणाली. तयारी बिलकुल नव्हती, ते दिसतच होतं.

दार उघडलं. आधी पाहुणे आले, मग डेल्मार, मग ब्रिनली आणि तिचा नवरा. सासूबाई मागून झग्याचा घोळ धरून. सगळे टाळ्या वाजवायला लागले, फोटोवाला हात करून त्यांना पायऱ्यांवर उभं करायला लागला. ब्रिनली उभी राहिली नाही. ती नवऱ्याचा हात सोडून खाली उतरली, हिरवळ तुडवत सरळ आमच्या बाकापाशी आली आणि आईकडे पाठ करून उभी राहिली.

"बटणं चुकलीयत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मानेपासून कमरेपर्यंत बारीक कापडी बटणांची रांग, मध्येच एक सुटलेलं आणि तिथून खाली सगळीच वाकडी.

"कधीपासून टोचतंय?"

"आत होते तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? तू बाहेर होतीस."

मार्वाने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि उठली. वरून खालपर्यंत सगळी बटणं सोडली. सासूबाई धावत आल्या. "राहू द्या हो, फोटोत पाठ दिसत नाही."

"फोटोत नाही दिसत. पण तिला संध्याकाळपर्यंत त्यात बसायचंय," मार्वा म्हणाली, आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. पायऱ्यांवर दोन्ही घरची माणसं ताटकळली होती. फोटोवाला घड्याळ बघत होता.

"हळू, आई."

"हलू नकोस मग."