मागाहूनची तोंडी परीक्षा

त्याचं खरं नाव हजेरीपुरतं. वर्गात सगळे त्याला 'मागाहून' म्हणायचे, कारण शिकवताना मी इंग्रजीत केलेल्या विनोदावर तो हसायचा, ते मी पुढच्या हाडावर गेल्यावर. शिंप्याचा मुलगा, बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला. प्रश्न इंग्रजीत ऐकायचा, मनात मराठीत सोडवायचा आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत जुळवायचा. तोवर मी पुढच्या बाकावर पोचलेली असायची. वरातीमागून घोडं! अ‍ॅनाटॉमी शिकवून माझे अर्धे केस पिकले होते, उरलेले यानं पिकवले.

"अरे, येतं ना तुला? मग बोल की पटकन!"

"बोलतोच आहे मॅडम. पोचायला वेळ लागतो." आणि वर हसायचा. असा राग यायचा!

तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाला. आता शेवटची संधी. हुकली की कॉलेज सुटणार आणि हा बापाच्या मशीनवर बसणार.

टेबलाशी मी आणि बाहेरून आलेले परीक्षक. त्यांना जेवायची घाई. इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही, असा नियम.

"डाव्या फुफ्फुसाचे भाग किती?" परीक्षकांनी विचारलं.

मागाहून गप्प.

"बरं, हृदयाचे कप्पे किती?"

"दोन."

"माशाचं हृदय नाही विचारलं! मानेत मणके किती?"

"चार."

परीक्षकांनी 'नापास' लिहायला पेनाचं टोपण काढलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. या गाढवाला सगळं येत होतं! पण शेवटच्या उत्तराला बाहेर पडायला पुढचा प्रश्नच नव्हता. मी घाईघाईनं विचारलं, "नाव काय तुझं?"

"सात."

"याला स्वतःचं नावही येत नाही?" परीक्षक म्हणाले.

"येतं हो! प्रत्येक उत्तर आधीच्या प्रश्नाला लावून बघा."

त्यांनी बोटांवर लावून पाहिलं. दोन, चार, सात. नाक मुरडत 'पास' लिहिलं. "पण मॅडम, पेशंट थांबेल का याच्यासाठी?"

"तुम्ही तरी कुठे थांबलात?" मी म्हणाले.

मागाहून उठला. दारापाशी जाऊन वळला आणि त्यानं इंग्रजीत आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

गेला तो नियम खड्ड्यात. "पास झालास रे बाबा, जा आता!" मी मराठीत ओरडले.

या वेळी जरासुद्धा उशीर झाला नाही. तिथेच, दारात, तो ढसाढसा रडायला लागला.